दुसरा पुरवठादार हवाच!

संगणक घेताना मध्यमवर्गीय कुटुंब किंमत पाहते, हमीची मुदत पाहते. आतल्या प्रोसेसरच्या बाबतीत मात्र दुकानदाराचा शब्द प्रमाण मानते. वस्तुतः या चिमुकल्या चिपमागे इंटेल व एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांची चार दशकांहून जुनी झुंज आहे आणि तिचा संबंध थेट आपल्या खिशाशी आहे.

या स्पर्धेचे मूळ एका ग्राहकाच्या सावधपणात आहे. १९८१ साली आयबीएमने आपल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलची ८०८८ ही चिप निवडली. पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहणे तिला मान्य नव्हते. परिणामी १९८२ च्या करारान्वये एएमडीला त्याच रचनेच्या चिप बनविण्याची मुभा मिळाली. पुढे दोघींचे बिनसले, प्रकरण न्यायालयात गेले. पण दुसरा स्पर्धक टिकला.

तो टिकल्याचे फळ काय? २००१ मध्ये इंटेलने आणलेल्या ६४ बिटी इटॅनियमची रचना सर्वस्वी निराळी होती. जुन्या आज्ञावली तिच्यावर रखडत चालत. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन व ॲथलॉन ६४ आणून जुन्या आज्ञावलींना धक्का न लावता ६४ बिटी क्षमता दिली. ग्राहकांचा कौल स्पष्ट होता. २००४ मध्ये इंटेललाही तीच वाट धरावी लागली.

याउलट स्पर्धक दुबळा झाला की काय घडते, हेही दिसले. २०११ नंतर एएमडी मागे पडली आणि इंटेलच्या सर्वसामान्य डेस्कटॉप चिप चार कोअरवरच, म्हणजे चार गणनकेंद्रांवरच थबकल्या. मार्च २०१७ मध्ये एएमडीची आठ कोअरची रायझेन आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर देऊ केले. ज्ञान आधीही होते, निकड नव्हती!

अर्थात स्पर्धेला न्याय्य नियमांचे कुंपणही हवे. संगणक उत्पादकांना सवलती देऊन इंटेल आपला मार्ग अडवते, असा दावा एएमडीने २००५ मध्ये दाखल केला. २००९ च्या तडजोडीत इंटेलने १२५ कोटी डॉलर मोजले.

आज मात्र एक नवाच पेच उभा आहे. रचनेत स्पर्धा आहे. पण सर्वांत प्रगत चिपची निर्मिती बहुतांशी तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीच्या हाती एकवटली आहे. एएमडीच्या चिपही तिथेच घडतात. आयबीएमने १९८१ साली दाखविलेल्या सावधपणाचा जगाला विसर पडला, असेच म्हणावे लागेल.

बुद्धीची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पेंटियमची धुरा वाहिली आणि पुढे एएमडीच्या के-६ मध्येही वाटा उचलला. उणीव होती ती कारखान्यांची. २०२१ मध्ये भारताने चिपनिर्मितीसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना आखली, तिचे मोल याच कसोटीवर जोखले पाहिजे. केवळ अभिमानाचा विषय म्हणून नव्हे, तर जगाला विश्वासू असा दुसरा पुरवठादार हवा आहे म्हणून ती तडीस गेली पाहिजे.