रस्ता-साहाय्याची तक्रार
विम्यासोबत घेतलेल्या सेवेची क्रेन कसारा घाटात पाच तास येत नाही. व्यापारी खासगी क्रेनचे पैसे मोजतो, दूरध्वनीवर संतापतो आणि थांबतो. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या पेढीतही या संतापाची नोंद राहत नाही! संपर्काच्या वेळा, तक्रार क्रमांक व पावती जोडून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात समाधान न झाल्यास व्यक्तीला वा एकल मालकीच्या पेढीला विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. गाडी व्यवसायाची, म्हणून ग्राहक आयोगाचे दार सरसकट बंद, हा समज मात्र चुकीचा. विमा नफ्यासाठी नव्हे, हानिपूर्तीसाठी असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षे.