दाणे काढा, पाला राहू द्या

राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. एका टोकाला मारुती चितमपल्लींची जयंती, दुसऱ्या टोकाला सलीम अलींची. आमच्या कोराडीत हा आठवडा आला की मोबाइलवर एकाच वस्तूचे फोटो येतात: अंगणात टांगलेलं प्लास्टिकचं दाणापात्र. खाली ओळ, 'पाहुण्यांच्या स्वागतासाठी'. मला हे स्वागत मान्य नाही. पाहुण्याचं ताट काढून घ्यायचं आणि शेजाऱ्याला आग्रहाने वाढायचं, असला हा प्रकार आहे.

कार्तिकात अंगणात अवचित दिसणारे पक्षी कोण? शेपटी सतत थरथरवणारा थिरथिरा, पानांआड फिरणारा वटवट्या, माशीमार, धोबी. पंधरा-वीस ग्रॅमचा जीव, हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून विदर्भात उतरतो. त्याला ज्वारी-बाजरीशी देणंघेणं नाही. त्याला अळ्या, कोळी, माश्या, मुंग्या लागतात. दाणापात्रावर येतात ते पारवे आणि चिमण्या. ते बाराही महिने इथलेच.

किडे मिळतात पाल्याच्या ढिगात, ओल्या मातीत, मेंदीच्या कुंपणात. नेमकं तेच आपण काढून टाकतो. धूळ-राख धुवायला सोपी म्हणून अंगणभर फरशी, दिवाळीच्या साफसफाईत पाला पेटवायचा, वरून कीटकनाशकाचा फवारा. मग त्या फरशीवर दाणापात्र टांगून म्हणायचं, पक्षी कमी झाले हो!

दाणे टाकणं आपल्याकडे जुनंच आहे. पण हिवाळ्यात दाणापात्राशी नवे पक्षी टिपण्याची हौस ब्रिटन-अमेरिकेची. तिथे जमीन गोठते, बर्फाखाली जाते, म्हणून भुकेलेले अनोळखी पक्षी खरंच दाण्यावर उतरतात. आपल्याकडे नोव्हेंबरात गवत बियांनी लगडलेलं असतं, धान कापणीला आलेलं असतं. नागपूरची टंचाई मे महिन्यातली, आणि ती पाण्याची. शिवाय ब्रिटनमध्येही ही हौस महागात पडली. २००५ पासून तिथे ट्रायकोमोनोसिस हा रोग पसरला. दाणापात्रांवर दाटीने खाणाऱ्या ग्रीनफिंचची संख्या इतकी घसरली, की २०२१ मध्ये तो पक्षी तिथल्या लाल यादीत गेला.

'पण यामुळे मुलांना पक्ष्यांची ओढ लागते,' असं मला ऐकवलं जातं. लागत असेल. पण फुकट खाऊ ठेवला की गर्दी होते, यापलीकडे मूल त्यातून काय शिकतं? वाळकं पान उलटून मुंगी उचलणारा थिरथिरा त्याला दाखवा. पक्षी मातीच्या भरवशावर येतो, हे त्याला न सांगता कळेल.

माझी मागणी फार मोठी नाही. भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा सोडा. तिथे फरशी नको, झाडू नको, औषध नको. उन्हाळ्यात मातीच्या परळात पाणी ठेवा आणि ते परळ रोज घासा. पक्षी सप्ताहात फोटो टाकायचाच असेल, तर त्या पट्ट्याचा टाका. लाइक कमी येतील. थिरथिरा येईलच, अशी खात्री मी देत नाही. धुतलेल्या फरशीवर त्याला खायला काही नाही, याची मात्र देतो.