बांगड्या भरलेल्या चौघी

पोस्ट थोडी लांबली आहे, सवडीने वाचा.

एखाद्याला नेभळट ठरवायचं असेल तर आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं, "हातात बांगड्या भरल्यात का?" अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर बांगड्यांचा आहेर. यात कुठलाच पक्ष मागे नाही. हे ऐकलं की मला दरवेळी लॉस एंजेलिसच्या चार बाया आठवतात. गिटार, बेस आणि ड्रम घेऊन त्यांनी अमेरिकेच्या यादीत दोनदा पहिला नंबर मिळवला. त्यांच्या बँडचं नावच 'द बँगल्स', म्हणजे बांगड्या! १९८१ मध्ये सुरुवात केली तेव्हा नाव होतं 'द बँग्ज'. त्या नावाचा दुसरा ग्रुप निघाला म्हणून बदलावं लागलं. आणि इंग्रजीतला 'बँगल' हा शब्द मुळात आपल्याकडूनच तिकडे गेलेला.

सुझॅना हॉफ्स, विकी पीटरसन, तिची बहीण डेबी आणि बेसवर मायकेल स्टील (नाव पुरुषी वाटलं तरी ही बाईच). ऐंशीच्या दशकात सगळीकडे सिंथेसायझर वाजत असताना या चौघी साठच्या दशकातल्या बीटल्स आणि बर्ड्सच्या प्रेमात होत्या. खणखणीत गिटार आणि त्यावर एकमेकींत मिसळलेले गळे, ही त्यांची खरी ओळख. चौघीही मुख्य आवाजात गायच्या. १९८४ चा 'ऑल ओव्हर द प्लेस' हा अल्बम ऐका, मी काय म्हणतो ते दहा मिनिटांत कळेल.

१९८६ मध्ये 'मॅनिक मंडे' दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. गाणं प्रिन्सने टोपणनावाने लिहून दिलं होतं, आणि त्याला पहिल्या नंबरवर जाऊ दिलं नाही ते प्रिन्सच्याच 'किस'ने. वर्षाच्या शेवटी 'वॉक लाइक अॅन इजिप्शियन' मात्र पहिलं आलं.

आता या यशाची दुसरी बाजू. या गाण्यात ड्रमच्या जागी मशीन वापरलं गेलं. निर्मात्याने कोणी कुठलं कडवं गायचं हे चाचणी घेऊन ठरवलं. विकी, मायकेल आणि सुझॅनाला एकेक कडवं मिळालं, डेबीला एकही नाही. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं, त्यात ड्रमरचे ड्रम नाहीत आणि तिचं कडवंही नाही. व्हिडिओत ती डफलीसारखं टँबोरिन वाजवताना दिसते.

मग माध्यमांनी आपलं काम केलं. चौघींतून एक चेहरा निवडला, सुझॅनाचा. तिला 'लीड सिंगर' करून टाकलं आणि बाकीच्या तिघी तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका झाल्या. १९८९ मध्ये 'इटर्नल फ्लेम' अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, आणि त्याच वर्षी बँड फुटला. यात सुझॅनाचा दोष मला दिसत नाही. चार जणी एकत्र वाजवतात ही साधी गोष्ट विकणाऱ्यांना विकता आली नाही, एवढंच.

"गाणी तर दुसऱ्यांनीच लिहिली होती ना?" हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकलाय. गाजलेल्या काही गाण्यांबाबत ते खरंही आहे. पण 'इटर्नल फ्लेम'च्या तीन लेखकांत सुझॅना स्वतः आहे, आणि पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्यांचीच. बरं, आता बर्ड्स घ्या. १९६५ मध्ये ज्या गाण्याने ते पहिल्या नंबरवर गेले ते बॉब डिलनचं. त्या रेकॉर्डिंगवर बँडमधल्या एकट्या रॉजर मॅग्विनने वाद्य वाजवलं, बाकीचे सगळे भाड्याने बोलावलेले वादक. तरी बर्ड्स खरा बँड होता का, असं कोणी विचारत नाही. तो प्रश्न फक्त बायकांसाठी राखून ठेवलेला.

याच शहरातल्या 'द गो-गोज'चं घ्या. स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः वाजवणाऱ्या बायकांच्या बँडचा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचण्याची ती पहिलीच वेळ, १९८२ मध्ये, सलग सहा आठवडे. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना आत घेतलं ते २०२१ मध्ये.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देता येईल. पण माझी भाची कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवते. कार्यक्रम झाला की लोक कौतुकाने विचारतात, "तू गात नाहीस का गं?" मुलाला हे कोणी विचारत नाही. गणपतीत ढोल-ताशा पथकांतल्या मुलींचे फोटो बघा. नऊवारी, नथ, गॉगल सगळं फोटोत येतं. कमरेला ढोल बांधून तासन् तास ठेका धरणं किती अवघड आहे, यावर किती जण लिहितात? मुंबईच्या आबान मिस्त्री एकल तबलावादन करणाऱ्या पहिल्या काही महिलांपैकी. आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

माझ्या मते बँगल्सचा वारसा त्या इजिप्शियन नाचात नाही. चौघींचे गळे एकत्र येतात तेव्हा पुढची कोण आणि मागची कोण हे सांगता येत नाही, तो आवाज हा त्यांचा वारसा. तो ऐकणाऱ्या मुलीला कळतं की पुढे उभं राहून गाण्याशिवायही बँडमध्ये तिची जागा आहे.

तेव्हा दोन विनंत्या. वाजवणारी मुलगी दिसली की तिला वाजवण्याबद्दल विचारा. आणि पुढच्या आंदोलनात बांगड्यांचा आहेर नेण्याआधी हे आठ हात आठवा.

तुमच्या ओळखीत कोणी मुलगी ड्रम, तबला, बेस, ढोल, काहीही वाजवत असेल तर कमेंटमध्ये जरूर सांगा. काय वाजवते, तेही लिहा.