टकटक आणि अंदाजपंचे

अमेरिकेत जुनी गाडी बाळगणाऱ्याला कधी ना कधी खालून 'टक् टक्' ऐकू येतंच. आमच्या आयसेलिनमध्ये नव्याने आलेली मुलं बरेचदा दहा-पंधरा वर्षं वापरलेली गाडी घेतात. बर्फाची धास्ती असते, म्हणून ती 'ऑल व्हील ड्राइव्ह', म्हणजे चारही चाकांना ताकद पोचवणारी हवी असते. मग टकटक सुरू होते. गॅरेजवाला अंदाजाने एक पार्ट बदलतो, आवाज तसाच. दुसरा बदलतो, तरी तसाच. बिल मात्र हळूहळू गाडीच्या किमतीला गाठतं. माझं स्पष्ट मत आहे की पैसे आधी निदानाला द्यावेत, पार्टला नंतर.

आपल्याकडच्या जुन्या जीपमध्ये चिखल लागला की दांडा ओढून चारही चाकं जोडायची, आणि डांबरी रस्त्यावर आलं की सोडवायची. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये असा दांडा नसतो. वळताना चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढचं आणि मागचं डिफरन्शिअल आणि मधलं कपलिंग मिळून तो फरक पचवतात. म्हणूनच एक टायर नवा आणि तीन झिजलेले चालत नाहीत. घेर वेगळा असला की मधल्या कपलिंगला सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही, आणि ते तापून खराब होतं. चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको, असं सुबारू सांगते. एका पंक्चरपायी चार टायर, हे आपल्याकडे कुणाला पटणार नाही!

आता निदान. आवाज 'कुठून' येतो हे विचारू नका, पत्र्यातून आवाज फिरतो आणि कान फसतात. आवाज 'कधी' येतो ते विचारा.

पहिला प्रश्न : आवाज ॲक्सिलरेटरवर अवलंबून आहे की रस्त्यावर? पाय दाबला-सोडला तरी काही फरक पडत नाही आणि फक्त खड्ड्यात खडखड होते, तर बहुधा दोष सस्पेन्शनचा आहे. ड्राइव्ह शाफ्टला हात लावू नका.

दुसरा : स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टिक-टिक येते का? (शनिवारी ओक ट्री रोडवर पार्किंग शोधताना ही चाचणी आपोआप होते.) येत असेल तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट तपासा. रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर जातं, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी आत शिरतं. पण अशाच वळणावर टिक-टिक नसून गाडी अडखळत, आखडत असेल, तर संशय मधल्या कपलिंगवर आणि टायरवर.

तिसरा : गिअर पुढून मागे टाकताना एकच 'धप्प' येतो का? मग प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस, डिफरन्शिअलचे बुश किंवा इंजिनाचे माउंट.

चौथा : मोजा. चाकाचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटरला चाक सेकंदाला जेमतेम एक फेरा घेतं. प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळात बऱ्याच गाड्यांत तीन-चार फेरे घेतो. सेकंदाला एक ठोका आला तर संशय चाकाकडे, भराभर आले तर शाफ्टकडे. घड्याळ आणि कान, एवढीच सामग्री लागते.

एक गोष्ट मात्र घरी करू नका. अशा गाडीची दोनच चाकं जॅकवर उचलून ती गिअरमध्ये फिरवू नका. जमिनीवरची चाकं गाडी जॅकवरून खाली ओढतात.

'पण इन्स्पेक्शनचा स्टिकर आहे ना?' असं मुलं विचारतात. न्यू जर्सीने १ ऑगस्ट २०१० पासून खाजगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद केली, आता फक्त धुराची होते. तुमचा क्रॉस सैल आहे का, हे तिथे कुणी बघत नाही. डॅशबोर्डवरचा दिवाही बहुधा लागत नाही, कारण सैल क्रॉस ओळखणारा सेन्सर गाडीत नसतो. आणि तो क्रॉस हायवेवर तुटला, तर शाफ्ट खाली लोंबकळतो. तेव्हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून गॅरेजमध्ये दोन वाक्यं बोलावीत : 'आवाज अमुक वेळी येतो, तमुक वेळी येत नाही. कुठल्या चाचणीवरून हा पार्ट खराब ठरवलात, ते बिलावर लिहा.' चांगला मेकॅनिक खूश होऊन लिहून देतो. तपासणीच्या तासाचे पैसे त्याला आनंदाने द्यावेत, ती त्याची विद्या आहे. जो 'बदलून तर बघू' म्हणतो, त्याला बदलावं हे बरं.