धुमसणारा क्रोध

इंग्रजीतील ‘फ्यूम’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. नाम म्हणून तो धूर. आम्लातून किंवा वितळत्या धातूतून निघणारी झोंबरी वाफ. क्रियापद झाला की तोच शब्द मनुष्याला लागू पडतो : आतल्या आत संतापणे. ‘परफ्यूम’ही याच कुळातला, सुगंधी द्रव्ये जाळून त्यांच्या धुराने परिमळ पसरविणे हा त्याचा मूळ भाव. या शब्दांचे मूळ लॅटिन ‘फूमुस’ म्हणजे धूर, आणि त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘धूम’शी जोडतात. ग्रीक ‘थूमोस’ हाही त्यांचाच भाऊबंद मानला जातो. त्याचा अर्थ मात्र धूर नव्हे, तर आवेश आणि क्रोध.

मराठीला हा संबंध नवा नाही. आपल्याकडे राग भडकतो, तळपायाची आग मस्तकाला जाते आणि शेवटी मनुष्य डोक्यात राख घालून घेतो. ज्वाला आणि राख यांच्या मधली अवस्था म्हणजे ‘धुमसणे’. ‘फ्यूम’ला याहून जवळचा प्रतिशब्द शोधूनही सापडणार नाही.

भडकणे आणि धुमसणे यांतील भेद, प्राचीन मंदिरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्यासारख्या गावात, चुलीपुढे बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असे. तुरीची तुराटी भडकन पेटते आणि पाहता पाहता विझते. शेणाची गोवरी ज्वाला दाखवीत नाही. ती राखेखाली रात्रभर धुमसते आणि पहाटे एका फुंकरीने पुन्हा फुलते. डोळे चुरचुरतात आणि भिंती काळवंडतात, त्या धुमसण्यानेच.

जैन कर्मशास्त्रानेही क्रोध केवळ त्याच्या भडक्यावरून मोजलेला नाही. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या ‘गोम्मटसारा’त क्रोधाला पाषाण, पृथ्वी, धूळ आणि जल यांवरील रेषांची उपमा आहे. कषायांचा वासनाकाल, म्हणजे त्यांचा संस्कार टिकण्याची मुदतही, तेथे सांगितली आहे. संज्वलनाची अंतर्मुहूर्त, प्रत्याख्यानावरणाची एक पक्ष, अप्रत्याख्यानावरणाची सहा महिने. त्यापलीकडे टिकून राहतो तो अनंतानुबंधी. तो सम्यक्त्वाचाच घात करतो. ‘संज्वलन’ या शब्दातही जळणे आहेच. पण ही आग लवकर शमणारी.

आता घरातील व्यवहार पाहावा. बांधावरून दोन भाऊ अबोला धरतात. आवाज चढत नाही, भांडण कोणाच्या कानी जात नाही. दोघेही स्वतःला शांत समजतात. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी ते मंदिरात हात जोडतात आणि ‘उत्तम क्षमा’ म्हणून पुढे सरकतात. परंतु मागील क्षमावाणीपासून या क्षमावाणीपर्यंत बारा महिने झालेले असतात, आणि शास्त्राची मुदत सहाच महिन्यांची आहे. ज्याने वर्षभर क्रोध जपून ठेवला, त्याने क्षमेसाठी पर्वाची वाट पाहणे म्हणजे मुदत उलटून गेल्यावर जागे होणे होय.

म्हणूनच शास्त्राने केवळ सांवत्सरिक प्रतिक्रमण सांगून थांबणे पसंत केले नाही. दैवसिक, रात्रिक आणि पाक्षिक प्रतिक्रमणही सांगितले. गोवरीवर त्याच रात्री पाणी शिंपडले, तर पहाटे फुंकर घालायला काही उरत नाही. भावाच्या दारी जायचे असेल, तर भाद्रपदाची वाट कशाला पाहावी?