अमानतीची परतफेड कोणाच्या खिशातून?

कोल्हापूर विमानतळाच्या विस्तारासाठी आमच्या गडमुडशिंगीची जमीन गेली. शेजारच्या गांधीनगर पेठेतले कापड व्यापारी आता सवड पाहून मुंबईला विमानाने जातात. तिकिटाचे भाडे सगळे घासाघीस केल्यासारखे तपासतात, पण त्याखालच्या शुल्काच्या ओळी कोणी वाचत नाही. आम्हाला बिल खालून वर वाचायची सवय आहे, म्हणून हा विषय.

देशांतर्गत प्रवाशाकडून पूर्वी २०० रुपये प्रवासी सेवा शुल्क घेतले जाई. त्यातले ७० रुपये विमानतळ चालवणाऱ्याचे आणि १३० रुपये सुरक्षेचे. हे १३० रुपये कंपनीचे नव्हतेच. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे पगार व तत्सम खर्च भागवण्यासाठी ते वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे आणि त्याचा हिशेब महालेखापरीक्षकांच्या तपासणीला खुला ठेवायचा. कंपनी नुसती सांभाळणारी. आपण याला अमानत म्हणतो.

२००६ मध्ये मुंबई आणि दिल्लीची विमानतळे खासगी कंपन्यांकडे गेली. पुढे या खात्यातून यंत्रसामग्री आणि इतर स्थावर-जंगम वस्तूंवरही खर्च झाल्याचा प्रश्न उभा राहिला. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने खासगी विमानतळ चालकांना आदेश दिला, की सुरुवातीपासून असा केलेला खर्च व्याजासह खात्यात परत भरा. कंपन्या कोर्टात गेल्या. दिल्लीच्या कंपनीला मार्च २०१४ मध्येच उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. त्यांचे म्हणणे असे, की खर्च सुरक्षेसाठीच होता आणि सरकारच्या आधीच्या सूचनांना धरून होता.

हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सरकारच्या सूचना वेळोवेळी बदलल्या, हा दोष सरकारचा. तरीही आम्ही व्यवहारातले एक उदाहरण देतो. इचलकरंजीच्या मागवाल्याकडे आपण सूत मजुरीवर विणायला देतो. सूत आपले, माग त्याचा. त्याने ते सूत विकून मागाचे सुटे भाग आणले आणि म्हटले, “शेठ, तुमचेच कापड चांगले निघावे म्हणून आणले,” तर आपण काय म्हणू? सुटे भाग खरे असतील, कापडही चांगले निघेल. पण माग त्याच्याच मालकीचा राहिला आणि सूत आपले गेले. त्याच काउंटचे, तेवढ्याच वजनाचे सूत परत आलेच पाहिजे.

आता खरी गोम. मागवाल्याने सूत परत केले आणि पुढच्या महिन्यापासून मीटरमागे मजुरी वाढवली, तर परत केले ते कोणाच्या पैशाने? विमानतळाचे दर ठरवण्यासाठी २००९ पासून विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण आहे. कंपनीची मान्य मालमत्ता आणि खर्च धरून ते दर बांधते. एस्क्रो खात्यात भरलेली रक्कम उद्या मालमत्तेच्या नावाने हिशेबात आली, तर ती दरात चढेल आणि प्रवासी तेच पैसे दुसऱ्यांदा देईल. व्याजाचेही तेच. म्हणून परतफेड भागधारकांच्या नफ्यातून झाली पाहिजे, आणि दर ठरवताना ही रक्कम वगळली आहे असे प्राधिकरणाने आदेशात स्पष्ट लिहिले पाहिजे. अमेरिकेत विमानतळाचा पैसा दुसरीकडे वळवणाऱ्याकडून तो व्याजासह वसूल होतो आणि वर तिपटीपर्यंत दंडाचीही तरतूद आहे. आपल्याकडे दंड राहू द्या, निदान वसुली तरी ग्राहकाच्या माथी नको.

पुढच्यासाठी सरकारने एक शहाणपण केले. १ जुलै २०१९ पासून सेवा शुल्काच्या त्या भागाऐवजी विमान सुरक्षा शुल्क आले आणि ते एका राष्ट्रीय न्यासाकडे जाऊ लागले. पैसा कंपनीच्या गल्ल्यातून जातच नाही. आमच्या मशिदीच्या वक्फ जागेचे भाडे मुतवल्ली स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यात टाकू लागला, तर जमात दुसऱ्याच जुम्म्याला हिशेब मागेल. न्यास बनायला मात्र तेरा वर्षे लागली.

एप्रिल २०२१ पासून हे शुल्क देशांतर्गत प्रवाशाला २०० रुपये झाले. कोल्हापूरचे विमानतळ अजून सरकारी प्राधिकरणाकडेच आहे. उद्या ते खासगी हाती द्यायचे ठरले, तर वरील दोन्ही गोष्टी करारात आधीच घालून घ्याव्यात, असे आमच्या व्यापारी संघटनांनी खासदारांना आत्ताच लेखी कळवावे.