दिवा दिसला, पण आपण दिसलो का?

परवा रात्री दवाखाना बंद करणार, तोच गव्हाणचे एक सुरक्षारक्षक सोललेले कोपर घेऊन आले. उलव्यातली ड्युटी संपवून सायकलने घरी जाताना समोरून डंपर आला, ते कडेच्या खडीवर घसरले. "डॉक्टर, त्याचा लाईट तर मला लांबूनच दिसला होता!" ते म्हणाले.

गैरसमज नेमका इथेच आहे. आपल्याला दिवा दिसला म्हणजे चालकाला आपण दिसलो, असे नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. गडद कपड्यांतला माणूस दिसेपर्यंत ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो.

म्हणून पुढे पांढरा, मागे लाल दिवा लावा. पेडलला व घोट्याला रेडियमची पट्टी बांधा. वरखाली होणारा पाय चटकन ओळखू येतो.

मात्र सारा दोष सायकलवाल्याच्या माथी मारणे मला पटत नाही. २०२४ साली अटल सेतू आणि उरणची लोकल आली, २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. मग कडेची खडी उचलणे आणि रस्त्यावरचे बंद दिवे लावणे एवढे अवघड का असावे? माझ्या लेखी तोही आरोग्याचाच प्रश्न आहे.